सांगलीत पोचलेली बाटली

डॉ. मगदूम प्रयोगशाळेचं कुलूप काढायला आले तेव्हा पायरीवर एक बाई बसली होती. मांडीवर गाठोडं, पायांवर धूळ, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा असा चेहरा. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. सकाळी सकाळी पायरीवर बसलेलं माणूस म्हणजे लांबलचक गाऱ्हाणं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

साठीला आलेला हा माणूस निम्मं आयुष्य सांगलीतल्या लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी तपासत आला होता. सूक्ष्मदर्शकावर वाकून मान आखडली होती, डोळे शिणले होते. माणसांशी बोलण्यापेक्षा काचेवरचा थेंब बरा, असं त्यांचं मत होऊन बसलं होतं. थेंब निदान रडत नाही.

"दाखल्यावर शिक्का मारनारं डाक्टर तुमीच का?" बाईनं विचारलं.

"मीच. काय झालं?"

"तुमी लिवून दिलं, आमच्या मालकांच्यात खोट न्हाई म्हून. इस्लामपूरची डाक्टरीनबाई म्हनली, माज्यात बी न्हाई. दोघांच्यात बी न्हाई, मग प्वार का न्हाई?"

किल्ली कुलपात तशीच ठेवून डॉक्टर उभे राहिले. इतका सरळ प्रश्न त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता.

त्यांनी तिला आत घेतलं, बाकावर बसवलं आणि चहा मागवला. बाईचं नाव हरणाबाई. माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावच्या बाजूचं. सासर इस्लामपूरच्या पुढं नांदरवाडीला. नवरा दादासो पलटणीत होता. वर्षातून एकदा रजेवर यायचा, तेवढाच काय तो संसार. अशाच एका रजेनंतर तिला दिवस गेले होते. मूल पोटातच गेलं. पुढं दादासो पलटण सोडून कायमचा घरी आला, ऊस लावला, आणि आता पाळणा हलणार म्हणून सगळे वाट बघत बसले. पाळणा काही हलला नाही.

मग नेहमीचं चक्र सुरू झालं. सासू रंगूबाई घालूनपाडून बोलायला लागली. सासूचा भाऊ लालासाहेब, त्याची मुलगी लग्नाची. मामाची पोर भाच्याला द्यायची, हरणाबाईचा सोडचिठ्ठीवर अंगठा घ्यायचा आणि तिला कोरेगावच्या गाडीत बसवायचं, असं ठरलं होतं. उद्या सुपारी फुटायची होती. आज ती बाजाराला जाते म्हणून घरातून निघाली होती ती थेट इथं आली.

"सुपारी फुटली की झालं," ती म्हणाली. "म्होरं मला कोन इचारतंय."

डॉक्टर ऐकत होते, पण मनातून ते तो नमुना आठवत होते. तो आठवायला अवघड नव्हता. पुरुषाचं वीर्य तपासायला येणं त्या काळी सठीसामाशी. खोट बाईचीच, हे गावोगाव आधीच ठरलेलं असे. हा नमुना आल्या आल्या त्यांनी काचेवर घेतला तर पसरेना; खळीसारखा घट्ट. पातळ व्हायची वाट बघत चरफडत बसावं लागलं होतं. मग पाहिलं तर बीज असं वळवळत होतं की मोजायला नजर ठरेना. त्यांनी खुशाल शिक्का मारला होता.

"बाटली घरून कशी आणली?" त्यांनी विचारलं.

"मीच उकळून दिली की. खोकल्याच्या औषदाची तांबडी बाटली. बूच हरवलं व्हतं, म्हून दाणं काढलेल्या मक्याच्या बुरकुंडाचं तासून बसवलं. फडक्यात गुंडाळून माज्या दिराजवळ दिली."

"दीर थेट इकडंच आला?"

"गावातनं इस्लामपूर, तितनं दुसरी गाडी. आष्ट्यात गाडी लय खोळंबली, असं मामा सांगत व्हते. मामा बी संगट व्हते त्यांच्या."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. नको ते पुढ्यात येऊन पडलं होतं, आणि आता ते उचलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"बाई, हे बीज अंगातून बाहेर पडतं तेव्हा घट्ट असतं. अर्ध्या तासात त्याचं पाणी होतं. इस्लामपूरहून गाडीतून आलेलं माझ्याकडं घट्ट पोचणारच नाही. आणि माझ्या हातात आली ती पांढऱ्या काचेची नवी बाटली होती, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाची."

हरणाबाईला उमगायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी मालकांचं नव्हतं ते?"

"नव्हतं. इथंच, सांगलीत, कुणीतरी ताजं दिलेलं होतं."

तिला आनंद झाला नाही. आनंद व्हायला अंगात त्राण लागतं. ती नुसती म्हणाली, "कुनाचं मग?"

नवऱ्याला इकडं घेऊन ये, असं सांगून डॉक्टर मोकळे होऊ शकले असते. पण सुपारी उद्या होती, आणि शिक्का त्यांचा होता. त्या शिक्क्यानं एका बाईचं घर मोडत असताना इथं बसून लोकांची थुंकी बघायची, हे त्यांच्यासारख्या कंटाळलेल्या माणसालाही जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत घातला, रंगाची बाटली आणि काचा घेतल्या, स्वतःच्या नशिबाला चार शब्द सुनावले आणि हरणाबाईबरोबर स्टँड गाठला.

*

साल शहात्तर. नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरत होत्या आणि कोण कुणाला कधी उचलून नेईल याचा नेम नव्हता. पेटीवाला डॉक्टर नांदरवाडीच्या वेशीत उतरताना दिसला मात्र, चावडीवरची गडीमाणसं भराभरा उठून उसात शिरली. एक म्हातारा तेवढा बसून राहिला. आपल्याला कोण नेतंय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरांना या वयात आपली कुणाला तरी भीती वाटते याचं नवल वाटलं.

दादासोचं घर मारुतीच्या देवळाला लागूनच होतं. देवळात मारुती होता, पण त्याचे नाकडोळे काही दिसत नव्हते, इतका शेंदराचा थर त्याच्यावर चढलेला. हरणाबाई मागच्या दारानं घरात गेली. डॉक्टर पुढून गेले.

पुढच्या सोप्यात दादासो कांबळ्यावर बसला होता. पस्तिशीतला गडी, हाडापेरानं पलटणीत शोभणारा. पण रंग राखेसारखा उतरलेला. म्हातारी रंगूबाई त्याच्या हातात दुधाचा पेला देत होती. दूध तांबूस दिसत होतं. "देवाचा परसाद हाय, टाकू ने," असं म्हणून तिनं तो त्याच्याकडून संपवून घेतला. पेला खाली ठेवताना दादासोचं मनगट लुळं पडल्यासारखं झालं आणि पेला कलंडला.

सुपारीसाठी लालासाहेब आदल्या दिवशीच येऊन थांबले होते. भरघोस मिशा, फेटा, आणि आवाज असा की बैलानंही मान वळवून बघावं. धाकटा भाऊ अर्जुना कुपवाडला एका कारखान्यात लेथवर कामाला होता. तोही रजा काढून आला होता. तो खांबाला टेकून उभा होता.

डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही. बाटलीत घोळ झालाय, तपासणी पुन्हा करायचीय, एवढंच. लालासाहेबांचा चेहरा फुगला.

"घोळ तुमचा. त्यात आमची सुपारी का अडवायची?"

"अडवत नाही. विचारतोय. बाटली कुणाच्या हातात होती?"

"अर्जुनाच्या. मी हळद घेऊन बाजारात चाललो व्हतो, गाडी एकच म्हून संगट."

"तुम्ही हात लावला होता बाटलीला?"

"असल्या वस्तूला मी कशाला हात लावतुय?"

"तपासणी व्हावी असं तुम्हाला वाटत होतं?"

"न्हवतं वाटत. बाप्याची कसली आलीया तपासनी? पर भाच्यानं हट्टच धरला. म्हनला, आदी माजं बगा, मग लगनाचं बोला. मिल्ट्रीचं डोस्कं ते."

डॉक्टरांनी दादासोकडं नजर टाकली. तो खाली मान घालून बसला होता. आपल्या बायकोवर बोट ठेवण्याआधी स्वतःला तपासून घ्या म्हणणारा माणूस त्यांनी क्वचितच पाहिला होता.

मग त्यांनी अर्जुनाला विचारलं.

"सांगलीत उतरून थेट माझ्याकडं आलास?"

"व्हय."

"मामा?"

"ते यार्डात गेलं, हळद उतरवायला. सांजंला स्टँडावर गाठ पडली."

"घरून दिलेली बाटलीच मला दिलीस?"

"व्हय. तीच."

"तिचं बूच कसलं होतं, आठवतंय?"

अर्जुनानं थोडा विचार केला. "पत्र्याचं. फिरकीचं."

आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज चालला होता तो थांबला. डॉक्टरांनी पुढं काही विचारलं नाही. ते दादासोला घेऊन गोठ्याकडं गेले.

तिथं बोलणं सोपं नव्हतं. दादासोची मान वर होईना. अखेर डॉक्टर म्हणाले, की पलटणीत भरती होताना डॉक्टरपुढं उभा राहिला होतास ना, तसंच हे समज. तो शब्द त्याला लागू पडला. "ऑर्डर म्हना सायेब, करतो," तो म्हणाला. डॉक्टर बाहेर जाऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले. एवढा मोठा गडी, आणि त्याच्यावर ही वेळ यावी, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

याही खेपेला थेंब घट्ट होता, तो त्यांच्या डोळ्यांदेखत पातळ झाला. सोप्याच्या पायरीवर सूक्ष्मदर्शक ठेवून त्यांनी आरसा उन्हाकडं वळवला आणि वाकले.

बीज अगदीच नव्हतं असं नाही. म्हणजे पलटणीत गुपचूप नसबंदी करून आला असेल, ही जी एक शंका येताना गाडीत त्यांना आली होती ती गेली. पण जे होतं ते बघवत नव्हतं. विरळ, बहुतेक निपचित. कुणाचं शेपूट मुडपलेलं, कुणाचं डोकं चेपलेलं, एकाला तर दोन डोकी. हलत होतं ते जागच्या जागी गिरक्या घेत होतं. यातलं कुठलंही मुक्कामाला पोचणारं नव्हतं.

त्यांनी दादासोला जवळ बोलावलं.

"पोटात दुखतं?"

"कळा येत्यात. मुरडून टाकत्यात."

"कधीपासून?"

"घरी आल्यापास्नं वाढलंय. पलटणीत असताना इतकं न्हवतं."

"आ कर."

दातांच्या मुळाशी, हिरडीच्या कडेनं, निळसर काळी रेघ होती. पेनानं ओढल्यासारखी बारीक. डॉक्टरांनी त्याचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरला, त्यावर रंग घातला आणि सुकायची वाट बघत त्याचं बोट हातातच धरून ठेवलं. नखांच्या कडांत नारिंगी रंग घट्ट बसला होता.

रक्ताच्या पेशींत निळे ठिपके होते. भरपूर होते.

"विहिरीला नळ शिशाचा आहे? घरात रंगकाम? बॅटऱ्यांचं काही काम करतोस?"

तिन्हीला नाही म्हणून उत्तर आलं. डॉक्टरांनी मान वळवून आधी देवळाकडं पाहिलं, मग सोप्यात पडलेल्या रिकाम्या पेल्याकडं. त्यांनी जाऊन पेल्याच्या तळाला बोट लावलं. खाली तांबडा गाळ होता. ते तिथंच पायरीवर बसले. आता त्यांना फक्त घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.

*

त्यांनी सगळ्यांना सोप्यात बसवलं. हरणाबाई दाराच्या आत उभी राहिली. बाहेर अंगणात भावकीतली माणसं जमायला लागली होती. डॉक्टर नसबंदीवाला नाही हे कळल्यावर ऊस रिकामा झाला होता.

"मला दोन गोष्टी शोधायच्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "बाटली कुणी बदलली, ही एक. दादासोला झालंय काय, ही दुसरी. पहिली आधी सांगतो."

त्यांनी घट्ट आणि पातळ बीजाची गोष्ट सांगितली, दोन बाटल्यांची सांगितली. लालासाहेब चुळबुळ करायला लागले.

"माझा संशय आधी तुमच्यावरच होता, लालासाहेब. पोरगी तुमची, घाई तुमची. जावई धडधाकट आहे असा दाखला मिळाला की हरणाबाई घराबाहेर आणि तुमची पोर घरात. पण मग माझं मला पटेना. मुद्दाम बाटली बदलायची, तर पहिलीत खोट आहे हे बदलणाऱ्याला आधी ठाऊक पाहिजे. ते कुणाला ठाऊक होतं? खुद्द दादासोला नव्हतं. तुम्हाला तर आपला भाचा वाघ आहे याची खात्री. जी वस्तू चांगली आहे असं सगळ्यांना वाटतंय, ती बदलायला कोण जाईल?"

डॉक्टरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"एकच माणूस जाईल. ज्याच्याकडून पहिली हरवली तो. म्हणजे यात डाव नव्हता, अपघात होता. आणि हातातली वस्तू हरवते ती वाहणाऱ्याच्याच हातून. मामांनी बाटलीला बोट लावलं नव्हतं. अर्जुना, घरच्या बाटलीला मक्याच्या बुरकुंडाचं बूच होतं. तू सांगितलंस ते पत्र्याचं झाकण मला मिळालेल्या बाटलीचं होतं."

अर्जुना खांबाला टेकूनच खाली बसला.

"आष्ट्यात उसतोडीची मानसं चडली," तो म्हणाला. "मुंगीला वाट नव्हती. म्या बाटली अंगरख्यात पोटाशी धरल्याली, ऊब पायजे म्हून. रेटारेटीत बूच निगालं. समदं अंगावर सांडलं."

"मग परत का नाही आलास?" डॉक्टरांनी विचारलं.

"येऊन दादाला काय म्हनू? थोरला भाऊ हाय, बापाच्या जागी. त्याच्यासंगं असलं बोलायचं? पयलं दिलं तवाच त्यो माज्याकडं बगंना. आनि म्हनायचं, सांडलं, पुन्यांदा दे? माजी जीभच उचलली नसती." तो थांबला. "स्टँडाम्होरच्या दुकानातनं नवी बाटली घेतली. म्हटलं, एका आईची लेकरं, एकच रगात. त्याचं तेच माजं. काय फरक पडतुय?"

लालासाहेबांनी डोक्याला हात लावला. डॉक्टरांना हसू आलं नाही. एकाच घरात वाढलेल्या दोन भावांत बोलायला जागाच नसावी, हे त्यांना त्या निळ्या ठिपक्यांहून वाईट वाटलं.

"दाखला आला, वैनीवर आळ आला, तवा मला उमगलं," अर्जुना म्हणाला. "पर तवा तोंड उघडायचं म्हंजी समद्यांम्होरं सांगायचं, की ते माजं व्हतं. रोज म्हनायचो, आज सांगतो. उद्या सुपारी हाय, तरीबी म्हनत बसलोय."

"रक्त एकच आहे, ते खरं," डॉक्टर म्हणाले. "पण दादासोच्या रक्तात शिसं आहे. तुझ्यात नाही."

ते रंगूबाईकडं वळले. आवाज आपसूक खाली आला.

"आजी, दुधात तुम्ही काय घालता?"

"देवाच्या अंगावरचा शेंदूर," म्हातारी म्हणाली. "नवस हाय. पोरगं पलटनीत असताना बोलले, सून वझं टाकून बसली तवा. दर शनवारी त्यानं सोता तेलात खलून देवाला लावायचा, आनि देवाच्या पायाचा चिमूटभर रोज पोटात घ्यायचा. पलटनीत बी पुडी पाटवायची मी. हितं आल्यापास्नं एक दीस चुकू दिला न्हाई."

"शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसं, आजी. देवाच्या अंगाला तो शोभतो. माणसाच्या पोटात ते विष आहे."

मग त्यांनी जमेल तसं समजावलं. माणसाचा सगळा नाकनक्षा, उंची, रंग, हे एका लांब धाग्यावर लिहिलेलं असतं. बीजाच्या इवल्याशा डोक्यात तो धागा घट्ट वळून ठेवलेला असतो. ती वळकटी पक्की राहायला, शेपूट हलायला, शरीराला जस्ताचे अगदी बारीक कण लागतात. शिसं जस्ताच्या जागेवर येऊन बसतं, पण जस्ताचं काम करत नाही. रक्तात असं होतं हे पक्कं ठाऊक आहे. बीजात नेमकं कुठं बिघडतं ते अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही. जस्ताचा त्यात हात असावा हा आपला अंदाज. पण परदेशात बॅटरीच्या कारखान्यातले कामगार तपासले तेव्हा त्यांच्यात असलंच विरळ, वाकडं बीज निघालं होतं.

"आधी याच्यात खोट नव्हती," डॉक्टर म्हणाले. "रजेवर आला तेव्हा हिला दिवस गेले होतेच की. पुढं मूल होईना, कारण नवरा वर्षातनं एकदा घरी. तुम्ही त्यावर नवस केलात, आणि नवसानं खरंच होईना."

रंगूबाईनं आपल्या हातांकडं पाहिलं. "म्हंजी म्याच," ती म्हणाली, आणि पदराचं टोक तोंडाला लावलं. हरणाबाईला तिनं काय काय ऐकवलं होतं ते त्या सोप्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

दादासोनं पहिल्यांदा मान वर केली.

"बरं व्हईल, सायेब?"

"शेंदूर आजपासून बंद. मिरजेला दाखल हो, शिसं धुऊन काढायचं औषध शिरेतून देतात. पण ते हाडांत जाऊन बसलेलं असतं, सावकाश निघेल. वर्ष जाईल, जास्तही. बीज सुधारेल असं मला वाटतं. वचन देत नाही."

लालासाहेबांनी घसा साफ केला. माणूस व्यवहारी होता, दुष्ट नव्हता. पोर अशा घरात द्यायची नाही हे त्यांचं एव्हाना ठरलं होतं.

"सुपारी ऱ्हाऊ द्या मग. पर भाईर मानसं बसल्यात, त्येंना सांगायचं काय? मी म्हनतो, पत्रिका जुळंना असं सांगू. हितलं हितंच मिटवा. घरची अब्रू हाय."

"आणि हरणाबाईचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिचं काय? नांदंल की आता. तिला कोन घालवतंय?"

"गावात तिला काय म्हणतात ते तसंच राहणार?"

लालासाहेबांनी फेटा सारखा केला. दाखला फाडून दुसरा लिहून देणं डॉक्टरांच्या हातात होतं, पण गावाचं तोंड धरणारा शिक्का त्यांच्याकडं नव्हता. हरणाबाई दारात होती तशीच उभी होती. हे असंच होणार, हे तिला डॉक्टरांच्याही आधी कळलेलं दिसत होतं.

दादासो उठला. उठताना त्यानं भिंतीचा आधार घेतला. रंगूबाई म्हणाली, "कुटं निगालास?" तो उंबरा ओलांडून अंगणात गेला आणि भावकीसमोर उभा राहिला. डॉक्टरांना त्याची पाठ तेवढी दिसत होती. ती ताठ होती.

"ऐका," तो म्हणाला. "सुपारी न्हाई. प्वार व्हत न्हाई ती खोट माज्यात हाय. माज्या बायकूत कवाच नव्हती. डाक्टर आत बसल्यात, कुनाला शंका असली तर इचारा."

एकजण खाकरला. असलं बाप्यामाणसाच्या तोंडून त्या अंगणात कधी ऐकू आलं नव्हतं, आणि ऐकल्यावर कुठं बघायचं हे कुणाला कळेना. थोड्या वेळानं एकेक उठून, टोप्या सारख्या करत, निघून गेला. दादासो अंगण रिकामं होईपर्यंत उभा राहिला आणि मग तिथंच, दगडावर, खाली बसला. डॉक्टरांनी पेटी आवरायला घेतली. आपल्या डोळ्यांत पाणी आलंय हे त्यांना काचा पुसताना कळलं, आणि त्याचाही त्यांना थोडा रागच आला.

हरणाबाई आतून चहा घेऊन आली. एक कप डॉक्टरांपुढं ठेवला, एक लालासाहेबांपुढं. सासूपुढं ठेवला तेव्हा म्हातारीनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही. अंगणात जाऊन तिनं नवऱ्याच्या दोन्ही हातांत कप नीट बसवला आणि तो सांडत नाही हे बघेपर्यंत वरून आपला हात ठेवला.

मग ती परत आली. अर्जुना अजून खांबाशी बसला होता. तोंड गुडघ्यांत घातलेलं, खांदे हलत होते. तिनं शेवटचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि जरा वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "मला तरी सांगायचं व्हतं की तुमी. इतकं ऐकून घेत व्हते, त्यात तुमचं एक लपवलं असतं."